खांबाला दिलेली गिरकी

मे महिन्यात नागपूरच्या मनीषनगरात दुपारी एक ते पाच माणसानं काय करावं, हा प्रश्न अजून कुणाला सुटलेला नाही. कूलरमध्ये पाणी भरून होतं, पडदे ओढून होतात, कैरीचं पन्हं पिऊन होतं, आणि तरी घड्याळात तीनच वाजलेले असतात. अशाच एका दुपारी भाचीनं आपला लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला. ती आमच्याकडे राहून शिकते आणि संगणकावरचे खेळ बनवायचं खूळ तिच्या डोक्यात आहे. मी आयुष्यभर कविता शिकवली. "मामा, तू कवितेचं रसग्रहण करतो ना, मंग याचं करून दाखव," असं म्हणून ती माझ्या खुर्चीमागं उभी राहिली.

पहिल्या अर्ध्या तासात मी सात वेळा मेलो. दगडी चौक, भोवती राक्षस, हातात त्रिशूळ घेतलेली एक चिमुरडी पोर, आणि तिला चालवणारा मी, बोटं आखडलेला प्राध्यापक. आठव्या खेपेला मागून ओरडा आला. "खांब आहे ना बाजूला! खांब काऊन सोडून राहिला?" मी घाबरून कुठली तरी कळ दाबली. पोरीनं धावत जाऊन खांब धरला, तिचं अख्खं अंग त्याच्याभोवती भोवंडलं, आणि अंगावर चालून आलेले राक्षस चहूकडे फेकले गेले. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ही गिरकी मी कुठेतरी पाहिली होती.

कुठे, ते सांगतोच. पण ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा पुण्यात बनलेला खेळ. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा चमूचा. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड ही त्यामागची तीन मुख्य नावं. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागून पाहिली, ती पुरी झाली नाही. ज्या अनरिअल इंजिनवर खेळ उभा आहे ते बनवणाऱ्या एपिक गेम्सचं अनुदान त्यांना मिळालं. १८ ऑगस्ट २०२० ला खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पण करणाऱ्या स्वतंत्र खेळांच्या गटात त्याला नामांकनही होतं.

गोष्ट दोन ओळींची. देवदानवांचं जुनं वैर पुन्हा पेटलंय. दानव माणसांची मुलं पळवून नेतात. त्यात राजीचा लहान भाऊ गोलूही जातो. राजी फिरत्या सर्कशीतली कसरतपटू. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं धनुष्य मिळतं, आणि ती महाबलासुराच्या मागावर निघते. एवढंच. चांदोबात शोभेल अशी. पण कवितेचंही तसंच असतं. आशय सांगायला घेतला की एका वाक्यात आटोपतो आणि वर्गातली पोरं विचारतात, मग यात एवढं काय आहे. काय आहे ते शब्दांच्या चालीत असतं. खेळातही ते चालीतच सापडतं, असं मला त्या दुपारी वाटू लागलं. मराठीत हा शब्द फार सोयीचा आहे. गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, माणसाची चाल.

तर ती गिरकी. मी ती पाहिली होती अमरावतीला. १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर, लहानपणी, वडिलांचं बोट धरून. याच मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेला होता, हे वडील दर वेळी सांगत, जणू स्वतः बोटीत होते. एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला लाकडी खांब, त्यावर एक काटकुळा मुलगा. मांड्यांनी घातलेली अढी, मग फिरकी, मग दसरंग. खांब हलत नाही आणि मुलगा थांबत नाही. मल्लखांब या शब्दातच सगळं आलं. पैलवानाला तालमीत जोडीदार हवा असतो, तो जोडीदार म्हणजे हा मुका खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ही विद्या नव्यानं उभी केली. मराठी मुलुखाची म्हणून जगाला दाखवावी अशी शरीराची एखादी भाषा असेल, तर ती ही.

आता राजीकडे पाहा. समोरच्या राक्षसापुढे ती अगदी एवढीशी. ताकदीला ताकद लावून ती जिंकणं शक्य नाही, आणि मी सात वेळा नेमकं तेच करायला गेलो होतो. खेळ आपल्याला हळूहळू शिकवतो की तुझ्या अंगात जे नाही ते भिंतीत आहे, खांबात आहे. भिंतीवर चार पावलं धावत चढ, उलटी उडी घे, उतरताना वार कर. खांब धर, त्याचं जडपण उसनं घे, आणि तुझ्या हलकेपणाला वेग दे. इमारत तिच्या बाजूनं लढते. इतर अनेक खेळांत देवळं, किल्ले, राजवाडे हे मागचे पडदे असतात. नाटकातल्या रंगवलेल्या जंगलासारखे, ज्याच्या झाडाला कुणी टेकलं तर झाड हलतं. इथं खांबाला टेकता येतं. जागा नुसती दिसत नाही, ती हाताला लागते. एखाद्या प्रदेशानं खेळात उतरायचं तर ते असं उतरावं, नियमात, असं माझं मत त्या गिरकीनं झालं आणि अजून बदललेलं नाही.

या गिरकीत आणखी एक आठवण मिसळलेली आहे, ती मात्र अभिमानाची नाही. सीताबर्डीच्या रस्त्यावर डोंबाऱ्याचा खेळ लागायचा. ढोलकी, कैचीसारखे बांधलेले बांबू, त्यावर ताणलेला दोर, आणि हातात आडवी काठी धरून दोरावर चालणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिची नजर समोर कुठेतरी, आपल्या डोक्यावरून. आम्ही चार आणे टाकायचो आणि रसवंतीकडे वळायचो. राजी त्या मुलीच्या जातकुळीतली नायिका आहे. ती राजकन्या नाही, कुणा ऋषीची मुलगी नाही, शापभ्रष्ट अप्सरा तर नाहीच. ज्या वाड्याच्या देवडीवर तिला खेळ करून दाखवायला बोलावलं असतं आणि तिथूनच शिधा देऊन परत पाठवलं असतं, त्याच वाड्याच्या आतल्या चौकांतून, सज्जांवरून, कळसांवरून ती एकटी धावते. वाडा ओस पडलेला. ज्यांचे खांब होते त्यांना त्यांचा उपयोग कधी कळलाच नव्हता. तो कळतो तो दोरावर वाढलेल्या पोरीला. खेळ हे कुठेही बोलून दाखवत नाही. म्हणूनच ते पोचतं.

या न बोलण्याला कॅमेऱ्याची साथ आहे. तो राजीच्या खांद्यावर बसत नाही, लांब उभा राहतो. ती एखाद्या लांबलचक पुलावर पाऊल ठेवते आणि कॅमेरा मागं मागं सरकत जातो. किल्ला वाढतो, आकाश वाढतं, आणि राजी तांदळाच्या दाण्याएवढी उरते. आपण डोळे बारीक करून तिला शोधतो. पहाडी लघुचित्रांची ही आठवण मुद्दाम ठेवलेली आहे. खेळातले पृष्ठभागही त्याच वळणानं हातानं रंगवलेले आहेत. लघुचित्रात झाडाचं पान न पान ज्या निगुतीनं काढलेलं असतं त्याच निगुतीनं कोपऱ्यातली नायिका काढलेली असते, आणि ती शोधावी लागते. भाचीला विचारलं, हा कॅमेरा जवळ का आणत नाहीत? म्हणाली, "जवळ आणला का चेहऱ्याचे हावभाव करा लागतात. लय खर्च." असेलही. गझलेत काफिया जुळवण्याच्या सक्तीतून चांगला शेर येतो, तसं पुष्कळदा गरिबीतून चांगली शैली येते.

आणि मग त्या भिंतीवरच्या चित्रांपाशी माझा रसभंग झाला.

वाटेत जागोजाग भित्तिचित्रं आहेत. राजी तिथं उभी राहिली की दुर्गा आणि विष्णू आपसात बोलू लागतात, ही कथा अमुकची, तो असुर तमुक, त्याला असा वर मिळाला होता. इंग्रजीत. पुढं आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहेत, पण माझी तक्रार भाषेची नाही, पाल्हाळाची आहे. दर नवरात्रात महिषासुर ज्यानं ऐकलाय त्याला दुर्गा स्वतः येऊन महिषासुर कोण ते सांगते. देवीला आपली ओळख करून द्यावी लागावी, यापरता संकोच कुठला? चित्र भिंतीवर आहे, ते सुंदर आहे, राजी गप्प उभी आहे. तिला ही कथा तिच्या आजीनं सांगितली असणार. मग देव कुणाशी बोलतायत? राजीच्या डोक्यावरून, माझ्या डोक्यावरून, सातासमुद्रापार कोचावर बसलेल्या कुणाशी तरी. गड दाखवणारा गाइड आपल्याला सोडून मागच्या गोऱ्या पाहुण्याकडे बघत बोलतो, तेव्हा जसं वाटतं तसं मला वाटलं.

त्याउलट मंडलांची कोडी. रंगीत वर्तुळं फिरवून चित्र जुळवायचं, आणि जुळलं की राजी-गोलूच्या मागच्या आयुष्यातला एक तुकडा उघडतो. इथं कुणी समजावत नाही. हातानं फिरवायचं आणि डोळ्यानं ओळखायचं. कोडी सोपी आहेत, फारच सोपी, भाची म्हणते पोट्ट्याखेळ आहे. मला ती रांगोळीसारखी वाटली. रांगोळी अवघड असावी असं कुठं असतं?

दोन प्रसंगांना जोडणारी दृश्यं छायाबाहुल्यांची आहेत. पडद्यावर काळ्या आकृत्या, सांध्यांत हलणारे हात. हे योग्यच, कसरत आणि बाहुल्या दाखवून पोट भरणाऱ्या भावंडांचं दुःख बाहुल्यांनीच सांगावं. पण ही दृश्यं पाहताना मी सारखा सिंधुदुर्गात जात होतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याहून पिंगुळी एका दिवसाच्या वाटेवर. खेळाचा डोळा मात्र राजस्थानच्या गडांवर, हिमालयाच्या पायथ्याच्या चित्रांवर आणि थेट बालीवर लागलेला आहे. वाटेत जिच्याशी लढावं लागतं ती रांगडा बालीच्या पुराणातली. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक माणसाचं, आणि ते कानाला कुठेही परकं लागत नाही, हेही सांगून टाकतो. म्हणजे पुण्याच्या खेळात पुणं शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. ना वाडा, ना घाट, ना मराठीचा एक शब्द.

याचा मला राग नाही. परगावी जाताना माणूस ठेवणीतले कपडे घालतो. ज्या देशाचा खेळ जगानं फारसा पाहिलेलाच नाही त्या देशातून पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यानं, लोक ओळखतील असा फेटा बांधला तर त्यात चूक काय? फक्त एवढंच की फेट्याखालचा माणूस कुठला ते चालीवरून कळतं. देखावा राजस्थानचा, पण खांबाशी वागण्याची रीत इकडची. बनवणाऱ्यांनी मल्लखांब मनात धरला होता असा माझा दावा नाही. कवीला विचारून कुणी कवितेचा अर्थ लावत नाही.

इथं भाचीनं मला अडवलं, आणि बरोबर अडवलं. "मामा, हे खांबाचं, भिंतीवर पळायचं आधीपासून आहे. प्रिन्स ऑफ पर्शियात." तिनं तो जुना खेळ लावून दाखवला. २००३ सालचा, युबिसॉफ्टच्या माँट्रियलमधल्या स्टुडिओचा 'सँड्स ऑफ टाइम'. खरंच, इराणचा राजपुत्र भिंतीवर धावत होता, दांड्यांना लटकत होता. म्हणजे माझ्या गिरकीला दोन आईबाप निघाले, एक अमरावतीचा आणि एक कॅनडाचा. पण त्या राजपुत्राचंही मूळ शोधत गेलं तर मजा आहे. तो पहिल्यांदा १९८९ मध्ये आला, जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाच्या संगणकातून. राजपुत्र खऱ्या माणसासारखा पळावा म्हणून त्यानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि चौकट न चौकट गिरवून घेतली. इराणच्या राजपुत्राची चाल एका अमेरिकन पोराची आहे! ती माँट्रियलला जाऊन अधिक चपळ झाली आणि पुण्याला येऊन खांबाला बिलगली. चाली अशाच फिरतात. लावणीची चाल भजनाला लागते आणि भजनाची नाट्यगीताला. कुठली कुणाची, यावर भांडणारे भांडत राहतात.

याच राजपुत्राचा आणखी एक पुणेरी किस्सा आहे. 'राजी' आली ऑगस्ट २०२० मध्ये. सप्टेंबरात युबिसॉफ्टनं जाहीर केलं की 'सँड्स ऑफ टाइम' नव्यानं बनतोय आणि ते काम कंपनीचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ करतायत. झलक पाहून जगभरचे खेळणारे चित्रांच्या दर्जावर तुटून पडले. तारीख पुढं गेली, मग आणखी पुढं, आणि मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. तेव्हा ऐकू आलेली भाषा मला आठवते: भारतीयांना जमत नाही, आपण सांगकामे, आपल्यात कल्पकता कमी. देशांच्या माथ्यावर असे शिक्के मारायला फार अक्कल लागत नाही. एकाच शहरात, एकाच पावसाळ्यात दोन खेळ पुढं आले. एकाचं जगाकडून कौतुक झालं, एकाची टिंगल. हवापाणी तेच, शाळा-कॉलेजं साधारण तीच. फरक मला दिसतो तो असा, की राजपुत्राची चाल दुसऱ्याची होती, जशीच्या तशी पाठ करून म्हणायची होती, आणि ऐकणाऱ्यांना तिचा स्वर न स्वर आधीच पाठ होता. राजीची चाल बांधायला मोकळीक होती, आणि ती चुकली असती तर चुकायचीही. आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ वर्षानुवर्षं परदेशी खेळांसाठी झाडं, गाड्या, चिलखतं, घोड्यांची खोगिरं बनवून देतात. हात कसलेले आहेत. नियम ठरवणारी खोली मात्र दूरच्या इमारतीत असते.

हे मी जरा आवेशात बोललो असेन. भाची म्हणाली, "पण मामा, तिथं पगार भेटतो ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

नियमातून प्रदेश बोलतो तेव्हा काय होतं, ते पुढच्या आठ-दहा दुपारी तिनं मला दाखवलं. अलास्काचा 'नेव्हर अलोन', २०१४ चा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेनं इन्युपिआक लोकांना सोबत घेऊन घडवलेला. नूना नावाची मुलगी आणि एक पांढरा कोल्हा. यात तलवार नाही. शत्रू म्हणजे वारा. समोरून झोत आला की वाकून, पाय रोवून थांबायचं, नाहीतर फेकले जाल. पाठीमागून आला की त्याच्यावर भरवसा टाकून एरवी न जमणारी उडी घ्यायची. पंधरा मिनिटांत माझी बोटं वाऱ्याची दिशा ओळखायला लागली. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि मी पाय रोवतोय! कथेकरी बोलतो तो त्यांच्याच भाषेत, खाली इंग्रजी ओळी. समजावण्याची घाई नाही. 'राजी'तल्या देवांनी हा म्हातारा ऐकायला हवा होता.

मग 'वेण्बा', २०२३ चा, टोरंटोतल्या तमिळ मुलांनी बनवलेला, पुढं पदार्पणाचा बाफ्टा मिळवलेला. कॅनडात गेलेली आई, तिची डागाळलेली, शाई पुसलेली पाककृतींची वही, आणि तमिळ विसरत चाललेला मुलगा. कोडं काय, तर इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या. आमच्या घरात ही एकटीच गोष्ट अशी झाली की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, उलटं लावताय." तिनं आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम खेळला आणि एका फटक्यात जिंकला. ज्याचा प्रदेश त्याची चाल, दुसरं काय. याच्या दुसऱ्या टोकाला चीनचा 'ब्लॅक मिथ: वूकाँग', ऑगस्ट २०२४ चा. त्यातली देवळं इतकी हुबेहूब की शान्शी प्रांतात ती पाहायला लोकांची रीघ लागली. डोळे दिपले, पण लढण्याची रीत पुष्कळशी जपानी खेळांच्या वळणाची वाटली, आणि पुन्हा तोच विचार आला, की देऊळ मोजून आणता येतं, चाल मोजून आणता येत नाही. हा माझा पक्षपात असेल. दुसऱ्याच राक्षसाशी मी हरलो, म्हणूनही असेल.

नियम बदलला की मुलूख कसा गळून पडतो, याचा नमुना तर आपल्या घरात आहे. मोक्षपट. परंपरा त्याचं जनकत्व ज्ञानेश्वरांना देते. जुन्या पटांवर साप जास्त आणि शिड्या कमी. वर चढणं दुर्मिळ, घसरणं रोजचं, कारण पट मोक्षाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्लंडात गेला आणि पुढं तिथं साप आणि शिड्यांची संख्या सारखी झाली. चित्रं तीच राहिली, तत्त्वज्ञान बदललं. फक्त आकडे बदलून.

हे सगळं झाल्यावर एका संध्याकाळी मी भाचीला विचारलं, मग नागपूरची चाल कुठली? तिचं पहिलं उत्तर होतं, फाटक. मनीषनगरात राहिलेल्या कुणालाही हसू येईल. उड्डाणपूल व्हायच्या आधी वर्धा रोडकडे जायचं म्हणजे रेल्वे फाटकाशी उभं राहायचं. एक गाडी गेली, फाटक उघडेल म्हणून किक मारावी तर दुसऱ्या बाजूनं मालगाडी. या खेळात कळ एकच, थांबणे. जो आधी हॉर्न वाजवेल तो हरला. तिनं तो दोन दिवसांत बनवलाही, गोडो नावाच्या फुकट मिळणाऱ्या इंजिनवर. हे मूळ अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं. आम्ही तिघं खेळलो, तिघंही हरलो.

पण तिच्या मनात होती ती मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्ल्यांत पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात, आणि तिकडे महाल-इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, मागं बडग्यांचे. गावातली रोगराई, ईडापीडा, वर्षभराचा सगळा संताप त्या पुतळ्यांवर लादायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून हे चाललंय. भाचीच्या पहिल्या आराखड्यात मारबत ही शेवटची राक्षसीण होती, हाणायची आणि मारायची. दोन दिवसांनी तिनं तो फाडला. "मामा, तिले कोणी मारत नाही ना. आपणच बनवतो, पूजतो, नवस बोलतो, मंग नेतो." या वाक्यावर मी तिला दहापैकी दहा दिले. राजीत राक्षस बाहेरून येतो. इथं तो आपल्या हातानं घडवून, सजवून, दारोदार फिरवावा लागतो. लढाईच नाही. मग बोटांनी करायचं काय?

सध्या तिच्या पडद्यावर राखाडी ठोकळ्यांची इतवारी आहे. तुम्ही मारबत घेऊन निघता. प्रत्येक घरासमोर थांबलात की घरातलं माणूस आपली पीडा तिच्यावर टाकतं, आणि ती तेवढी जड होते. सगळ्या घरांशी थांबलात तर गल्ली संपायच्या आत अंधार पडतो. घरं टाळत गेलात तर हलक्या मारबतीनं लवकर पोचता, पण मागं राहिलेल्या दारांत माणसं उभी दिसतात. मी खेळून पाहिलं. कल्पना मोठी आहे, चाल अजून बसलेली नाही. मिरवणूक ट्रकसारखी सरळ जाते. खऱ्या मिरवणुकीत गर्दी आधी मागं रेटते, मग पुढं घेते, मध्येच कुणी नाचायला लागलं की सगळं एका जागी घुसळतं. तसं ते झुलायला हवं, म्हटलं. तिनं वहीत लिहून घेतलं, 'झुलणे', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग तिनं पेन खाली ठेवून विचारलं, "मामा, जाळून झाल्यावर लोक परत कसे येतात? चालत? पळत? मागं वळून पाहतात का?"

मी या गावात पन्नासेक मारबती पाहिल्या असतील. पुतळे आठवले, बडग्यांवरच्या पाट्या आठवल्या, ज्वाळा आठवल्या. त्यानंतरची माणसं काही केल्या आठवेनात. बायकोला विचारलं, तिलाही सांगता येईना. महालातल्या एका जुन्या मित्राला फोन लावला, तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "लेका, आम्ही तर आगीकडेच पाहत असतो."

पोळ्याला अजून तीन महिने आहेत. त्या दिवशी दोघांनी मेट्रोनं जायचं आणि आगीकडे पाठ करून उभं राहायचं, असं ठरलंय. तोवर तिनं शेवटचा भाग तसाच ठेवलाय: एक राखाडी चौक, मधोमध काळा ठोकळा, आणि भोवती पन्नास-साठ माणसं, ज्यांची तोंडं कुठल्या बाजूला करायची ते अजून ठरलेलं नाही.